अक्षरमालेची लांबी

अक्षरमालेची लांबी : संगणकीय भाषेच्या प्रमाण संग्रहातील एक मूलभूत फलन. नावावरून अर्थ उघड वाटतो. मोजण्याचे एकक मात्र नावात नसते. ‘चिमूर’ हा शब्द वाचकाच्या दृष्टीने तीन अक्षरी. सी भाषेतील ‘स्ट्रलेन’ हे फलन बाइट मोजते. युटीएफ-८ संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागत असल्याने ते १५ हे उत्तर देते. वेलांटी व उकार ही युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हे असल्याने पायथॉन ३ मधील ‘लेन’ ५ सांगते. स्विफ्टमधील ‘काउंट’ तेवढे ३ सांगते. हा केवळ शब्दच्छल नव्हे. दहा अक्षरांसाठी म्हणून राखलेल्या रकान्यात प्रत्यक्षात बाइट मोजले गेल्यास गावाचे नाव ‘चिम’ येथे तुटते व पुढे दीर्घ उकाराचा एक निरर्थक बाइट उरतो. गो भाषेतील ‘रूनकाउंट’ हे नाव एकक सांगून टाकते, म्हणून ते अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल.

जोडाक्षरांचा प्रश्न याहून बिकट आहे. ‘चंद्रपूर’मधील ‘द्र’ युनिकोडच्या नियमांनुसार पूर्वी दोन अक्षरगटांत विभागला जाई. २०२३ मधील १५.१ या आवृत्तीपासून तो एक गट मानला जातो. त्यामुळे अक्षरगट मोजणारे एकच फलन आधारभूत आवृत्तीनुसार या शब्दाची लांबी ५ किंवा ४ देते.