पाण्याचा अंदाज

‘छंद’ हा शब्द मोठा खोडकर आहे. मनाला येईल ते करणे हाही छंद, आणि मात्रा मोजून, यतीवर थांबून, गणाला गण जुळवून लिहिणे हाही छंद! एक मोकाट, दुसरा बांधलेला. बारामतीत राहणाऱ्या मराठीच्या प्राध्यापिकेला या दोन अर्थांची गाठ कोठे पडते हे दाखवायला लांब जावे लागत नाही. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने मोरोपंत (1729–1794) येथेच राहिले, येथेच लिहीत गेले. रामायण एकदा लिहून त्यांचे भागले नाही. त्यांच्या नावावर 108 रामायणे सांगतात. त्यातले एक ‘निरोष्ठ’. ओठाला ओठ लागेल असे अक्षरच त्यात येऊ द्यायचे नाही, म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. रामाची कथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायचे नाही! हे त्यांना कोणी करायला सांगितले होते? टीकाकार याला शब्दांची कसरत म्हणत आले आहेत. मला मात्र त्यात एक गृहस्थ दिसतो. त्याचे दिवसाचे काम आटोपले आहे, आणि केवळ जमते की नाही ते पाहावे म्हणून तो पुन्हा बैठक मारून बसला आहे.

माझे छंद इतके थोर नाहीत. जलरंगात चित्रे काढणे आणि स्वयंपाक करणे, एवढेच. त्यातून प्रदर्शन भरलेले नाही की बक्षीस मिळालेले नाही. चित्रांचे लोक ऐकून घेतात. पण स्वयंपाकाला छंद म्हटले की आमच्या स्टाफरूममधल्या बायका हसतात. “सकाळी पाचला उठून दोन डबे भरायचे, त्याला छंद म्हणायचे तर मग धुण्याभांड्यालाही म्हणा की मॅडम!”

हसतात ते बरोबरच आहे. ज्या कामाला ‘आज नको’ म्हणता येत नाही तो छंद नव्हे. कित्येक घरांत पुरुषाने रविवारी एकदा पातेल्यात डाव फिरवला की त्याची हौस म्हणून वाखाणणी होते, आणि त्याच घरातली बाई वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस ते करते तेव्हा त्याला नावच नसते. माझे मत विचाराल तर, वाचकहो, रोजचा स्वयंपाक हे काम आहे आणि काम हे वाटून घ्यायचे असते. आमच्याकडे सकाळची पोळी-भाजी माझी, रात्रीचा आमटी-भात ‘ह्यां’चा, आणि भांडी पाळीपाळीने. ही वाटणी झाल्यावर रविवारी दुपारी जो एक पदार्थ मी कोणी न मागता, घड्याळाकडे न पाहता करते, तो माझा छंद. तो बिघडला तर घरात पिठले असतेच.

या दोन छंदांचे नाते मला कळले ते भाकरीमुळे. ज्वारी-बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. म्हणून ते कढत पाण्यात मळायचे. त्याने पिठातले पिष्ट फुगून चिकट होते आणि तेच भाकरीला धरून ठेवते. भाकरी थापून तव्यावर टाकली की वरच्या अंगावरून पाण्याचा हात फिरवायचा. हे पाणी चकाकत आहे तोवर भाकरी उलटायची नाही, आणि ठणठणीत सुकूही द्यायचे नाही. सुकले की भेगा पडतात. चकाकी गेली आहे पण ओल आहे, असा एक क्षण असतो. तो घड्याळात सापडत नाही. तव्याची आच, पिठाचा जुनेपणा, वारा, सगळ्यांवर तो अवलंबून.

आता चित्राचा कागद पाहा. आभाळाचा पहिला हात दिला की कागद चकाकू लागतो. तशात दुसरा रंग सोडाल तर तो आपल्या मनाने पसरेल. पावसाळी ढगाला तेच हवे असते. कागद पार वाळल्यावर लावाल तर कडा सुरीने कापल्यासारखी येईल. ती घराच्या भिंतीला हवी. आणि मधल्या क्षणी, म्हणजे चकाकी नुकतीच गेली आहे पण कागदाला पालथा हात लावला तर गार लागतो आहे अशा वेळी, लांबची झाडे काढावीत. ती अशी धुकट उमटतात की आपलाच हात का, असे वाटावे. मात्र त्या वेळी कुंचल्यात कागदाहून जास्त पाणी असले की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो आणि तो जन्मभर राहतो. भाकरी असो की आभाळ, सगळे कसब पाण्याच्या अंदाजाचे.

एका बाबतीत मात्र दोन्ही उलट चालतात. जलरंग वाळला की फिका पडतो, म्हणून ओला असताना तो धीटपणे, थोडा जास्तच गडद लावावा लागतो. रस्सा आटला की मीठ चढते, म्हणून तेथे हात आखडता. शिवाय पारदर्शक जलरंगात पांढरा रंग नसतोच. पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद, आणि तो सुरुवातीपासून राखून ठेवायचा. सावंतवाडीकडून आलेल्या सावळाराम हळदणकरांनी (1882–1968) हातात समई घेतलेली बाई जलरंगातच रंगवली. तिच्यासाठी त्यांची मुलगी गीताच उभी राहिली होती. चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. दिवाळीच्या दिवसांत त्याच्या छापील प्रती घरोघर दिसतात. अनेकांना ते तैलचित्र वाटते. बोटांच्या फटींतून झिरपणारा तो उजेड पाण्यातल्या रंगाने साधला आहे, हे ठाऊक झाल्यावर चित्र पुन्हा एकदा पाहावे.

मी शिकवते इंदापूरला, राहते बारामतीला. पन्नासेक किलोमीटरचा हा एस.टी.चा प्रवास हीच माझी चित्रशाळा. काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी हा रस्ता तुकोबांच्या पालखीचाही. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या बाजूला आले आणि काळाभोर हिरवा ऊस आला. गळिताच्या दिवसांत भवानीनगरजवळ मळीचा वास खिडकीतून आत येतो. पण कालव्याची हद्द सुटली की दोन मैलांत हिरवा संपतो आणि गेरू, राख, वाळलेले कुसळ, एवढेच रंग उरतात. पाणी कोठपर्यंत पोचले आहे हे येथे नकाशावाचून, नुसत्या रंगाने कळते. गाडीत रंग काढता येत नाहीत. मी पेन्सिलीने चार रेघा ओढते आणि बाजूला लिहून ठेवते : ‘बांध – भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग’, ‘आभाळ – ताकासारखे’. रंगांची इंग्रजी नावे मला ऐन वेळी आठवत नाहीत, स्वयंपाकघरातली आठवतात.

साहित्याचा बाऊ करू नये. अल्ट्रामरीन निळा, येलो ऑकर, बर्न्ट सायना आणि एखादा लाल, एवढ्यावर आमचा सगळा तालुका रंगवता येतो. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सायना मिसळला की पावसाळी ढगाचा करडा मिळतो. त्यासाठी काळा रंग विकत घ्यायचे कारण नाही. टोक नीट येणारा एक जाड कुंचला पुरे. काटकसर कागदात मात्र करू नये. पातळ कागद पाणी लागताच पापडासारखा फुगतो. पुण्याच्या हातकागद संस्थेचा सुती चिंध्यांच्या लगद्याचा जाड कागद मी आणते. तो पाणी धीराने पितो.

आपल्या महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा आहेत, आणि त्यांचे वाढीव गुण दहावीला मिळतात. त्यामुळे पुष्कळ मुलांच्या हाती रंगपेटी आली हे खरेच. पण इंटरमिजिएट झाली की ती पेटी माळ्यावर जाते हेही तितकेच खरे. मोठ्यांचे वेगळे दुखणे. दोन चित्रे बरी उतरली की शेजारीण म्हणते, “क्लास का काढत नाही?” आणि चार लाडू साधले की, “ऑर्डरी घ्या.” या सल्ल्यात प्रेम असते, आणि कोणाच्या घरी त्यातून खरोखर चूल पेटते, त्याला नावे ठेवण्याचे मला कारण नाही. तरीपण ज्याची पावती फाडावी लागत नाही असे काहीतरी माणसापाशी असावे.

स्वयंपाकात माझा गुरू आधी पुस्तक होते. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 साली आली, आणि तिने वाटी-चमच्याच्या मापाने हजारो नव्या संसारांना धीर दिला. दुर्गाबाई भागवतांचे ‘खमंग’ मी झोपण्यापूर्वी वाचते, भूक लागेल हे माहीत असूनही. परंतु या घरात आल्यावर मला दुसरे विद्यापीठ लाभले, ते म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. पंचाहत्तरी ओलांडली आहे, आणि माप हा शब्द त्यांनी फक्त शिंप्याकडे वापरला असेल.

एका रविवारी मी हुलग्याचे शेंगोळे करायचे ठरवले. ‘रुचिरा’ मिटून ठेवली आणि वही घेऊन त्यांच्यापुढे बसले. हुलग्याचे पीठ, त्यात थोडे ज्वारीचे, लसूण-जिरे-मिरची वाटून, हळद, मीठ. पीठ घट्ट मळायचे, तेलाच्या हाताने वळकट्या करून वेटोळी वळायची, आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. इथवर सरळ होते.

“पाणी किती, आत्याबाई?”

“बुडंल इतकं.”

मी लिहून घेतले. वर पाहिले तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

त्यांचे माहेर इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी, पळसदेवच्या बाजूला. त्या लग्न होऊन बारामतीला आल्या तेव्हा गाव जागेवर होते. पुढे उजनीचे धरण झाले, 1980 साली ते पूर्ण झाले, आणि नदीकाठची गावे फुगवट्याखाली गेली. माणसे वर माळावर नव्या गावठाणांत बसली. आज त्या पाण्यावर हिवाळ्यात भिगवणजवळ रोहित पक्षी उतरतात, त्यांना पाहायला पुण्या-मुंबईच्या मोटारी येतात. मीही तेथे बसून ते गुलाबी ठिपके रंगवले आहेत. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडते. धरण झाले नसते तर खाली सोलापूरकडे कितीतरी शेतांना पाणी मिळाले नसते, हे आत्याबाईंनाही मान्य आहे. “पाणी वाईट न्हाई,” त्या म्हणतात, “पर आमचं घर त्येच्याखाली हाय.”

शेंगोळे खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, “तू एवढी बगळ्यांची चित्रं काढतीस, माझ्या आईचं घर काढून दे की.”

घराचा फोटो नाही. त्या काळी त्या गावात कॅमेरा कोणाकडे होता? तेव्हा चित्र काढायचे ते ऐकून, पाककृतीसारखे. मी पेन्सिल घेतली, त्या सांगू लागल्या. भिंती पांढऱ्या मातीच्या. माळवदावर पावसाळ्यात गवत उगवायचे. सोप्यात जाते. चूल आत, उजव्या अंगाला, धुराने आढे काळे झालेले. “काळं म्हंजे कसलं काळं?” असे मीच विचारले. त्या उठल्या, स्वयंपाकघरातून आपला जुना लोखंडी तवा घेऊन आल्या आणि कागदाशेजारी ठेवला. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना दाट कालवून मी तो रंग मिळवला. तो पसंत पडला. नदीचा हात दिला तेव्हा त्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या, “आगं, पाणी लई झालं. नदी अशी नव्हती. उन्हाळ्यात पोरं चालत पल्याड जायची.” आज कोणीही भीमा काढली तर तो समुद्रच निघेल. तिचा बारीक धारेचा, वाळूच्या पट्ट्यांचा काळ त्यांच्यासारख्यांच्या डोळ्यांतच राहिला आहे. मी नवा कागद घेतला आणि बहुतेक नदी पांढरीच सोडली.

असे सहा रविवार गेले. दर रविवारी चूल त्यांच्याकडे आणि कागद माझ्याकडे. एकदा माडगे, एकदा बाजरीचे उंडे, एकदा नुसती ज्वारीच्या कण्यांची आंबील. प्रत्येक पदार्थाबरोबर घराचा एक कोपरा निघायचा. जात्याची जागा त्यांना आंबील पिताना आठवली, आणि परसातला शेवगा माडग्यात मीठ घालताना. ‘ह्यां’नी या दोन महिन्यांत आजोळाविषयी जे ऐकले ते मागच्या पन्नास वर्षांत ऐकले नव्हते, असे त्यांचेच म्हणणे. मुलगाही आमटी ढवळता ढवळता दारात येऊन उभा राहू लागला.

सातवा कागद बरा उतरला. आत्याबाईंनी तो भिंतीवर लावू दिला नाही. रुमालात गुंडाळून नव्या गावठाणात भावाकडे नेला. मामांनी चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाले, “समदं खरं हाय आक्का, पर दार पूर्वेला होतं.” आत्याबाई म्हणाल्या, नदीकडे होते. दोघे संध्याकाळपर्यंत भांडले. ज्या दारातून दोघांनी लहानपणी रोज ये-जा केली ते दार दाखवायला आता जागा नाही, आणि तिसरा साक्षीदारही नाही. मामींनी मध्ये पडून पिठले-भाकरी वाढली. परत निघताना मामांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “सूनबाई, एक माझं बी काढा, पूर्वेच्या दाराचं. आक्काला दावू नका.”

आठवा कागद फळीवर ताणून ठेवला आहे. मामा येत्या रविवारी येणार आहेत, आणि येताना घरचे हुलगे आणतो म्हणाले आहेत.