‘पिकअप’ या शब्दाची फोड : विनागियर स्कूटरचा क्लच आणि मंद गती

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही शहरे एकाच लोहमार्गावर वसलेली असली, तरी स्टेशनापासून घरापर्यंतचा त्यांचा व्यवहार रस्त्यावरच चालतो. आणि त्या रस्त्यावर विनागियर स्कूटरचा मोठा भरणा आहे. बाजारातील गर्दी, उड्डाणपुलांचे चढ, मागे एक माणूस व पायापाशी पिशव्या, अशा स्थितीत या वाहनाला वेगापेक्षा मंद गतीतील ओढ अधिक लागते. ती उणावली की वाहनधारक कारागिराला एकच वाक्य सांगतो : ‘गाडीला पिकअप नाही.’ या वाक्यात निदान तीन भिन्न दोष दडलेले असतात. त्यांची फोड न झाल्यास धडका भाग बदलला जातो, बिघडलेला तसाच राहतो आणि भुर्दंड मात्र वाहनधारकाला पडतो.

‘विनागियर’ हे नावही शब्दशः खरे नव्हे. मागील चाकापाशी दंतचक्रे असतातच. नसते ती हाताने बदलावयाची पायरी. तिचे काम रबरी पट्टा आणि दोन कप्प्या करतात. नेदरलंड्समधील डाफ कंपनीने १९५८ साली ही योजना मोटारगाडीत आणली. बर्फावरून धावणाऱ्या हिमवाहनांतही तीच रूढ झाली. भारतीय स्कूटरमध्ये ती १९८४ साली ‘कायनेटिक होंडा’बरोबर आली. गुलमर्गच्या बर्फावरील हिमवाहन आणि उल्हासनगरच्या बाजारातील स्कूटर ही यंत्रदृष्ट्या अशी भावंडे ठरतात. भेद इतकाच की, हिमवाहनात पुढची कप्पीच पट्ट्याला पकडून क्लचचे काम करते, तर स्कूटरमध्ये त्यासाठी मागे स्वतंत्र क्लच असतो.

या यंत्रणेचे कार्य समजण्यास कठीण नाही. पुढच्या कप्पीच्या दोन तबकड्यांपैकी एक स्थिर व दुसरी सरकती असते. सरकत्या तबकडीमागील उतरत्या खाचांत लहान रोलर बसविलेले असतात. इंजिनाचे फेरे वाढले की केंद्रोत्सारी बलामुळे रोलर बाहेर फेकले जातात, तबकडी पुढे ढकलली जाते आणि पट्टा वर चढतो. त्याच वेळी मागच्या कप्पीत तो स्प्रिंगचा दाब सारून आत उतरतो. गाडी जणू वरच्या गियरमध्ये जाते. मागच्या कप्पीलगत क्लचचे शू असतात. ठरावीक फेऱ्यांनंतर ते आपल्या बारीक स्प्रिंगांना ताणून बाहेर येतात, ढोलाला चिकटतात आणि चाक फिरू लागते.

आता पहिला दोष पाहू. गाडी सुटताना थरथरते वा झटके देते, पण एकदा चालू लागली की सुरळीत जाते. येथे संशय शूवर व ढोलावर घ्यावा. गर्दीत अर्धवट थ्रॉटलवर सतत रेंगाळल्याने शू घसरत राहतात, तापतात आणि त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. अशा वेळी रोलर बदलून काहीच साधत नाही.

दुसरा दोष चढावर प्रकट होतो. गाडी सुटते नीट, परंतु चढ लागताच इंजिनाचे फेरे पडतात. रोलर प्रमाणाबाहेर जड असले, तर पट्टा अकालीच वर चढतो आणि इंजिनावर भार येतो. मागची स्प्रिंग ढिली झाली असली, तर चढावर पट्टा मूळ जागी परतत नाही. हलके रोलर घातल्यास सुधारणा होते. तथापि तिचे माप जाणून घ्यावे. केंद्रोत्सारी बल वस्तुमानाच्या सम प्रमाणात, पण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून रोलरचे वजन १० टक्के घटविल्यास तेवढाच दाब मिळण्यास फेरे सुमारे ५ टक्केच वाढावे लागतात. मिनिटास ५,००० फेऱ्यांच्या जागी सुमारे ५,२७०. याहून फार हलके रोलर घातले, तर इंजिन नुसते ओरडते आणि इंधन अधिक जळते. मागची स्प्रिंग अति कडक केली, तर पट्टा तापून लवकर झिजतो.

तिसरा दोष सर्वच गतींत जाणवतो : आवाज वाढतो, वेग वाढत नाही. याचे कारण बहुधा झिजून अरुंद झालेला पट्टा, किंवा एका बाजूस चपटे होऊन खाचेत अडखळणारे रोलर. पावसाळ्यात यात पाण्याची भर पडते. उल्हास नदीच्या पुराने जुलै २००५ व जुलै २०१९ मध्ये बदलापूरचा बराच भाग जलमय केला होता. अशा पाण्यातून गेलेल्या गाडीच्या पट्ट्याच्या पेटीत पाणी शिरल्यास ओला पट्टा घसरतो. तेथे भाग बदलण्याआधी पेटी उघडून कोरडी करणे हाच पहिला उपाय.

भाषेच्या दृष्टीने पाहता, ‘पिकअप’ हा शब्द मराठीत ‘असणे’, ‘घेणे’, ‘जाणे’ या क्रियापदांशी जुळला, पण काळ व स्थिती यांचा निर्देश त्याच्याबरोबर आला नाही. मराठी, सिंधी आणि हिंदी बोलणारे या शहरांत एकाच दुकानी येतात. उसना शब्द सर्वांना समजतो, आणि त्याची संदिग्धताही सर्वांच्या वाट्यास येते. परिभाषेची उणीव नवा शब्द घडवूनच भरून निघते असे नाही. कित्येकदा विशेषण पुरते. ‘सुटताना नाही’, ‘चढावर नाही’, ‘कधीच नाही’ एवढे तीन प्रकार वाहनधारकाने सांगितले, तरी कारागिराचा पाना योग्य जागी जातो.