बर्मिंगहॅमची जत्रा आणि तिगावचा प्रश्न

"एवढी नायी एका छपराखाली, आणि भांडण नाही?" माझ्या मोबाइलवरचे फोटो बघून सासूबाईंनी विचारलं. आमच्या घरात कानडी-मराठीची अशी सरमिसळ रोजचीच. कुत्र्याला त्या नायी म्हणतात, मी कुत्रा म्हणते, आणि नातवंडं दोन्ही म्हणतात.

मार्च २०२४ मध्ये मी धाकट्या दिरांकडे इंग्लंडला, कॉव्हेंट्रीला गेले होते. तिथून बर्मिंगहॅमचं प्रदर्शन केंद्र आगगाडीने जेमतेम दहा-बारा मिनिटांवर. त्या आठवड्यात तिथे 'क्रफ्ट्स' भरलं होतं. दिरांनी विचारलं, "वहिनी, कुत्र्यांची जत्रा बघायला येता?" मी लगेच हो म्हटलं. कारण मनात एक जुनं शल्य होतं.

आमचा बबड्या

२००३ च्या सुमारास टीव्हीवर मोबाइल कंपनीची एक जाहिरात लागायची. लहान मुलाच्या मागे-मागे फिरणारा चपट्या तोंडाचा पग. तेव्हापासून तसलं कुत्रं घरात असावं ही माझी हौस. पुढे मुलाने हट्ट धरला आणि आम्ही पगचं पिल्लू आणलं. नाव ठेवलं बबड्या. झोपेत तो घोरायचा, आणि आम्ही कौतुकाने हसायचो. ते घोरणं म्हणजे श्वासाची ओढाताण आहे, हे विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

माझं माहेर मध्य प्रदेशातलं तिगाव. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होतं, २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आलं. सगळा मराठी बोलणारा आणि संत्र्यांच्या बागांचा मुलूख. उन्हाळा मात्र विदर्भासारखाच कडक. २०१६ च्या मे महिन्यात आम्ही बबड्याला घेऊन तिकडे गेलो. काकांनी त्याला उचलून नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "पोरी, याले तं नाकच नाही. हा श्वास घेईन कुठून?" मी हसण्यावारी नेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बबड्या अंगणात मुलांबरोबर थोडा खेळला आणि धापा टाकू लागला. जीभ निळसर पडली. आम्ही पाणी मारलं, पंख्याखाली ठेवलं, गाडी काढली. पण डॉक्टरांपर्यंत पोहोचायच्या आत तो गेला. त्याच वेळी काकांचा गावठी खंड्या संत्र्याच्या झाडाखाली ओली माती उकरून निवांत पडला होता.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढतो. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत नाकपुड्या अरुंद असतात आणि टाळूचा मऊ भाग श्वासाच्या वाटेत येतो. म्हणजे धापांची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच त्यांची वाट सर्वांत अरुंद असते. हे सारं मी नंतर वाचलं.

जत्रा

क्रफ्ट्स सुरू केलं चार्ल्स क्रफ्ट या गृहस्थाने. कुत्र्यांची बिस्किटं विकणाऱ्या कंपनीत तो नोकरीला होता. त्याच्या नावाचं पहिलं प्रदर्शन १८९१ साली लंडनमध्ये भरलं आणि त्यात खुद्द व्हिक्टोरिया राणीची कुत्री होती. १९३८ मध्ये तो वारला. पुढे प्रदर्शन केनेल क्लबकडे गेलं, आणि १९९१ पासून ते बर्मिंगहॅमला भरतं. चार दिवसांत वीस हजारांहून अधिक कुत्री येतात.

आत शिरल्यावर पंढरपूरच्या दर्शनबारीची आठवण झाली, फक्त इथे रांगेत चार पायांचेही होते. मोठमोठे हॉल एकमेकांना जोडलेले. ओळीने लाकडी कप्पे, प्रत्येकावर क्रमांक आणि आत आपली पाळी येईपर्यंत बसलेलं कुत्रं. कुठे टेबलावर उभं करून ड्रायरने केस फुलवताहेत, तर कुठे मालकीणबाई त्याच कप्प्यात कुत्र्याच्या अंगावर रेलून डबा खाताहेत. भुंकणं मात्र फारच कमी. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर तेच: ही कुत्री पिल्लूपणापासून गर्दीला सरावलेली असतात.

हिरव्या गालिच्याच्या रिंगणात परीक्षक प्रत्येक कुत्र्याचे दात बघतो, पाठीवरून, छातीवरून, पायांवरून हात फिरवतो आणि मग त्याला चालवून, पळवून बघतो. प्रत्येक जातीचं लक्षणांचं एक लेखी वर्णन असतं. त्या वर्णनाच्या सर्वांत जवळचा तो जातीत पहिला. जातीतले पहिले आपापल्या गटात भिडतात, आणि सात गटांच्या सात विजेत्यांतून शेवटी एक निवडतात. त्या वर्षी मान मिळाला तो ऑस्ट्रेलियन शेफर्डला, म्हणजे मेंढरं राखणाऱ्या जातीच्या कुत्र्याला.

एका दालनात सगळ्या जातींची ओळख करून देणारे कप्पे होते. पगच्या कप्प्यापाशी माझे पाय थबकले. तिथल्या बाईंना मी बबड्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि श्वासाच्या तपासणीबद्दल समजावलं. केंब्रिज विद्यापीठाच्या मदतीने २०१९ पासून तिथे पग, बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग यांच्यासाठी ही तपासणी आहे. डॉक्टर नळीने श्वास ऐकतात, कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवतात, पुन्हा ऐकतात आणि शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. शून्य म्हणजे उत्तम. तीन मिनिटांची ती परीक्षा! आमच्याकडे बबड्या कितीतरी वर्षं घोरत होता.

ही जाग त्यांनाही सहज आलेली नाही. २००८ साली बीबीसीने एका माहितीपटातून दाखवलं, की दिसण्याच्या हौसेपायी जातिवंत कुत्र्यांच्या शरीराचे हाल झाले आहेत. पुढच्या वर्षापासून बीबीसीने क्रफ्ट्सचं प्रक्षेपणच थांबवलं. २०१२ मध्ये पंधरा जातींच्या विजेत्यांची पशुवैद्याकडून तपासणी सक्तीची झाली, तर सहा जातींचे विजेते त्यात नापास होऊन पुढच्या फेरीतून बाद झाले. काल ज्याच्या गळ्यात फीत घातली, त्याला आज आजारी ठरवणं सोपं नसतं. ते त्यांनी केलं, हे मला मोठं वाटलं.

आपला मुधोळ

शिकारी कुत्र्यांच्या रिंगणात सलुकी बघितले. खोल छाती, आत गेलेलं पोट, लांब निमुळतं तोंड. मला वाटलं, अरे, हा तर आपल्या मुधोळचा चुलतभाऊ! मी हौसेने चौकशीच्या टेबलाशी गेले. तिथल्या आजोबांनी यादी दोनदा चाळली आणि नम्रपणे म्हणाले, "ही जात आमच्या नोंदणीत नाही."

क्षणभर वाईट वाटलं. मुधोळ म्हणजे कन्नड महाकवी रन्नाचं गाव आणि मराठी घोरपडे घराण्याची गादी. म्हणजे आपल्या घरांसारखंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडर शिकाऱ्यांकडची ही कुत्री हेरली आणि त्यांची जोपासना केली. त्यांनी एक जोडी इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांना भेट दिली आणि तेव्हापासून 'मुधोळ' हे नाव रूढ झालं, असं सांगतात. म्हणजे राजवाड्यात जाऊनही तिथल्या यादीत हा कुत्रा आला नाही. आपल्याकडेही त्याची नावं दोन. महाराष्ट्रात कारवानी, कर्नाटकात मुधोळ.

पण २००५ मध्ये तो टपाल तिकिटावर आला. मुधोळजवळ तिम्मापूरला त्याच्या संशोधनाचं सरकारी केंद्र निघालं. २०१६ मध्ये लष्कराने सहा पिल्लं मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचं नाव घेतलं, आणि मागणी वाढली.

मला भीती वाटते ती इथेच. मुधोळ नजरेने सावज हेरून धावणारा कुत्रा. त्याला रोज मोकळं रान हवं. तो तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शोभेला बांधला, तर बबड्याचीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने पुन्हा घडेल. आणि मागणी आहे म्हणून चेहरामोहरा बघून भराभर पिल्लं काढली, तर शंभर वर्षांत विलायतेत जे झालं, ते आपण वीस वर्षांत करू. त्यांच्या यादीत नाव नाही याचं दुःख नको. त्यांची चूक आपल्याला आधी कळली, हा फायदाच आहे.

परत आल्यावर मुलगा म्हणाला, "आई, मुधोळ आणू या का?" आमच्या घराला अंगण नाही. मी नाही म्हटलं. मग गल्लीच्या तोंडाशी जन्मलेलं एक काळं गावठी पिल्लू आणलं. सासूबाई त्याच्याशी कानडीत बोलतात, मी मराठीत, आणि त्याला दोन्ही कळतं. लसी वेळेवर टोचल्या आहेत.

पिल्लू आणण्याआधी आता मी ओळखीच्यांना तीन गोष्टी विचारायला सांगते. त्याचे आईबाप पळून आल्यावर श्वास कसा घेतात? आपल्या गावचा मे महिना त्याला सोसेल का? आणि त्याला पळायला जागा कुठे आहे? रंग, किंमत, कागदपत्रं, हे सगळं त्यानंतर.

दिवाळीला तिगावला गेले तेव्हा काकांना क्रफ्ट्सचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून एकेक फोटो बघितला. फुलवलेले केस, फिती, चषक. शेवटी मोबाइल परत देत म्हणाले, "लय देखणे हायेत. पण पोरी, यायच्यातला कोणता उन्हायात आपल्या बागेत राहीन?"

बाहेर संत्र्याच्या झाडाखाली म्हातारा खंड्या झोपला होता. त्याच्या श्वासाचा आवाजही येत नव्हता.