जुन्या नादाची नवी नक्कल

ठाण्याच्या कोपरीसारख्या दाट वस्तीत, जेथे एका भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा देव्हारा आणि जवळच मध्य रेल्वेचा अखंड खडखडाट, तेथे पूर्ण ड्रमसेट मांडून मनसोक्त वाजविण्याची मुभा क्वचितच कोणास लाभते. सबब ताडदेवच्या फिल्म सेंटरात किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत एके काळी मुद्रित होणारा तो भारदस्त, किंचित धुरकट नाद ज्यास आपल्या गाण्यात हवा असेल, त्याने संगणकाचा आश्रय घेणे क्रमप्राप्तच होय.

हा आश्रय तुटपुंजा खचितच नाही. जर्मनीतील ईएमटी कंपनीने १९५७ साली ‘प्लेट’ नावाचे घुमारायंत्र आणले, त्यात सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अवघा अर्धा मिलिमीटर जाड असा पोलादी पत्रा चौकटीत ताणून टांगलेला असे व त्याच्या कंपनांतून घुमारा उत्पन्न होई. अडीचशे किलोंहून अधिक वजनाचे ते धूड आज एका प्लगइनच्या रूपाने लॅपटॉपमध्ये सामावते. टेपची ऊबदार विकृती, व्हॉल्व्हच्या कॉम्प्रेसरचा दाब, हेही सारे तयार मिळते. तथापि एवढी सामग्री ओतूनही जुना नाद हाती लागत नाही, याचे कारण यंत्रांत नसून त्या काळच्या मुद्रणाच्या दालनात आहे.

मुंबईत बहुपदरी मुद्रण रुळण्यापूर्वी गायक, व्हायोलिनांचा ताफा, ढोलकवाले आणि ड्रमवादक एकाच दालनात, एकाच वेळी वाजवीत. चूक झाली की सर्वांनी पुन्हा आरंभापासून. त्या व्यवस्थेत ड्रमचा आघात केवळ ड्रमच्या मायक्रोफोनात शिरे असे नव्हे. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर. म्हणजे दहा मीटरवरील व्हायोलिनच्या मायक्रोफोनात तोच आघात तीसेक मिलिसेकंद उशिरा, धार बोथटून पोचे, आणि मिश्रणात दोन्ही एकजीव होत. ध्वनिमुद्रकास ही गळती बहुधा उपद्रवच वाटत असावी. आपणांस मात्र नेमकी तीच हवी आहे. म्हणून नक्कल करणाऱ्याने आधी स्नेअर ड्रमच्या ट्रॅकची प्रत काढावी, ती तीस मिलिसेकंद उशिरा वाजेल अशी सरकवावी, वरच्या कंप्रता छाटाव्या, आवाज इतका उतरवावा की ती वेगळी ऐकू येऊ नये पण बंद करताच दालन आक्रसल्यासारखे वाटावे. प्लेट आणि टेप यांचा क्रम त्यानंतर. स्टीरिओचा मोह आवरून सारे मध्यभागी ठेवावे, हे सांगणे नकोच.

याच्या अगदी उलट वाटेने लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत, गायक पीटर गॅब्रिएल याच्या १९८० च्या अल्बमच्या वेळी, ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगम आणि ड्रमवादक फिल कॉलिन्स गेले. वादकांशी बोलण्यासाठी ठेवलेल्या मायक्रोफोनावरील कडक कॉम्प्रेसरमधून ड्रम अकल्पित विक्राळ ऐकू आला. त्याचा घुमारा त्यांनी ‘गेट’ लावून मध्येच छाटला, आणि त्या छाटलेल्या नादाने पुढचे दशक व्यापले. तसलाच नाद काठ्यांनी वाजविता येणारा, रोलंड कंपनीचा इलेक्ट्रॉनिक ऑक्टापॅड १९८५ मध्ये आला. बेंजो पार्टीच्या वादकापुढे आज तो असतोच, आणि चेंदणी कोळीवाड्यातील हळदीत नाचणाऱ्यांना लंडनची ही हकिकत ठाऊक असण्याचे काही कारण नाही. पण कोळीगीताच्या धावत्या लयीत लांबलेला घुमारा पुढच्या आघातास झाकून टाकतो, छाटलेला झाकीत नाही. मांडवातला वादक तसला आखूड नादच निवडतो तो या रोकड्या कारणासाठी.