खडतर वाटेवरील जीपगाडीचे पाटे व शॉकअप

हळदीची काढणी व शिजवणी आटोपून माल हिंगोलीच्या किंवा वसमतच्या बाजारांत नेण्याचे दिवस आले म्हणजे आमच्या जिल्ह्यांतील गाड्यांचे पाटे तुटण्याचेहि दिवस येतात. पावसाळ्यांत काळ्या रानांतील पाणंदींतून ट्रॅक्टर गेल्यानें ज्या चाकोऱ्या पडतात, त्या दिवाळीनंतर वाळून विटेसारख्या कठीण होतात. औंढा व सेनगांवकडील माळरानावर दगडगोटे, तर मुरमाच्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा. शेत व पाणंद रस्त्यांसाठीं सरकारनें सन २०२१ मध्यें योजना काढली व कांहीं ठिकाणीं कामें झालींहि. परंतु ज्यांचे मळे आडवाटेस आहेत त्यांस अद्याप चाकोरींतूनच जावें लागतें. आणि तीच गाडी त्याच दिवशीं अकोला–हिंगोली–नांदेड या १६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर भरधांव चालवावी लागते. इतक्या निरनिराळ्या कामांस एकच गाडी पुरी पडावी, म्हणून पुष्कळ शेतकरी बंधु गाडीचे पाटे, स्प्रिंगा व शॉकअप बदलून घेतात. त्यांत पैसा बराच जातो, आणि निवड चुकली तर गाडी पूर्वींपेक्षां वाईट होते.

ही चूक मीं स्वतः केली आहे, म्हणून लिहितों. माझी जीप जुनी, चारी चाकांस जोर असलेली व चारी बाजूंस पाटे असलेली आहे. हळदीचीं आठ पोतीं घातलीं कीं तिचा मागचा भाग बसे व खड्ड्यांत आंस चासीखालच्या रबरी ठोकळ्यावर आपटे. मिस्त्री म्हणाला, "काका, दर बाजूला दोन-दोन पाटे वाढवून देतों, मग गाडी बसायची नाहीं." फाल्गुनांत पाटे वाढविले आणि खरोखर गाडी बसली नाहीं. मी समाधान पावलों. पुढें भाद्रपदांत आई अंगणांत घसरून पडली व तिचें मांडीचें हाड मोडलें. रात्रीची वेळ, गाडी रिकामी, आणि डांबरी रस्त्यापर्यंत साडेतीन किलोमीटर पाणंद. प्रत्येक ढेकळावर गाडी उडत होती. आई "बाळा, हळू घे" असें म्हणत होती, आणि मी याहून हळू घेऊं शकत नव्हतों. जे पाटे आठ पोत्यांसाठीं घातले होते ते एका आजारी माणसास बसविण्याजोगे राहिले नव्हते. पुढच्या उन्हाळ्यांत मागील पाट्याच्या खुंट्याजवळ चासीस चीर पडलेली आढळली, तेव्हां या विषयाचा नीट विचार करण्याची बुद्धि झाली.

पाटा किंवा स्प्रिंग हिचें काम ओझें तोलून धरणें हें आहे. शॉकअपचें काम स्प्रिंगेस लागलेला झोक शमविणें हें आहे. हीं दोन कामें वेगळीं असून एकाचा दोष दुसऱ्यास बदलून जात नाहीं. झोके खात जाणाऱ्या गाडीस जाड पाटे घालणें किंवा ओझ्यानें बसणाऱ्या गाडीस महाग शॉकअप बसविणें हे दोन्ही व्यर्थ खर्च होत.

स्प्रिंग किती मऊ असावी, यास हिशेब आहे. गाडीचें वजन पडल्यानें स्प्रिंग जितकी दबते, त्यावरून गाडी मिनिटास किती झोके खाईल तें ठरतें. दहा सेंटिमीटर दबत असेल तर मिनिटास सुमारें ९५ झोके. पांच सेंटिमीटरच दबत असेल तर सुमारें १३४. माणसाचें शरीर चालण्याच्या लयीस संवकलेलें असल्यामुळें मिनिटास ६० ते ९० झोके त्यास सुसह्य वाटतात. सेकंदास चार ते आठ हेलकावे मात्र पाठीच्या कण्यास सर्वांत अधिक जाचतात. स्प्रिंग जसजशी कठीण होते, तसतसे चाकाखालचे हे जलद धक्के बसणाऱ्याच्या अंगापर्यंत अधिकाधिक पोंचतात.

हें तत्त्व आमच्याच जिल्ह्यांत फार मोठ्या प्रमाणावर उपयोगांत यावयाचें आहे. औंढा तालुक्यांत दुधाळा येथें लायगो-इंडिया ही गुरुत्वतरंगांची वेधशाळा व्हावयाची असून केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें तिच्या बांधणीस मान्यता दिली. अशा वेधशाळेंत चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतात. तेथील सुमारें ४० किलो वजनाचे आरसे जमिनीच्या थरथरीपासून अलग राहावे म्हणून एकाखालीं एक अशा चार लोलकांच्या मालिकेनें टांगतात. टांगलेलें वजन जितकें सावकाश झुलेल, तितकी खालची जलद थरथर त्यास कमी पोंचते. आपल्या गाडीचेंहि तसेंच आहे. फरक एवढाच कीं आरशाचें वजन कधीं बदलत नाहीं, आणि आपल्या गाडींत आज दोन माणसें तर उद्यां आठ पोतीं असतात. सारी अडचण येथें आहे.

उदाहरण घेऊं. रिकाम्या गाडीचें दर मागील पाट्यावर ३५० किलो वजन पडतें व पाटा दर मिलिमीटरास साडेतीन किलो घेतो असें धरा. पाटा १०० मिलिमीटर दबेल व मिनिटास ९५ झोके होतील. ५० किलोचीं आठ पोतीं मागें ठेविलीं तर दर पाट्यावर २०० किलो वाढून गाडी आणखी ५७ मिलिमीटर बसेल. आतां पाटे वाढवून दर मिलिमीटरास पांच किलो घेतील असे केले, तर तीच पोतीं गाडीस ४० मिलिमीटरच बसवितील. परंतु रिकामी गाडी ११३ झोके खाईल. म्हणजे १७ मिलिमीटरांच्या लाभासाठीं वर्षांतील उरलेले सर्व दिवस कठीण गाडी चालवावयाची. हा सौदा ज्यानें त्यानें आपल्या कामाकडे पाहून करावा. ज्याची गाडी रोज भरलेलीच असते त्यास तो परवडेल. माझ्यासारख्यास परवडला नाहीं.

म्हणून प्रथम वजन करावें. वजनकांट्यावर आपण कापूस-सोयाबीन नेतोंच. त्याच कांट्यावर रिकामी गाडी नेऊन आधीं पुढचीं चाकें, मग मागचीं चाकें, अशीं वजनें निरनिराळीं घ्यावींत, आणि नेहमीचें ओझें भरून पुन्हां घ्यावींत. त्याच वेळीं चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डाच्या कडेपर्यंतचें अंतर चारी बाजूंस मोजून वहींत टिपावें. हीं आठ-दहा आंकडे हातीं असतांना दुकानदाराशीं बोलणें सोपें जातें. ऑस्ट्रेलियांतील ओल्ड मॅन एमू यासारखे कारखाने एकाच गाडीसाठीं निरनिराळ्या कायम ओझ्याच्या स्प्रिंगा विकतात. तेथें निवड आंकड्यानेंच करावयाची असते. 'हेवी ड्यूटी' या शब्दावर भाळून घेतलेली स्प्रिंग बहुधा नको तितकी कठीण निघते.

पाट्यांविषयीं एक गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असते. पाट्याची कठीणता त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. ८ मिलिमीटरांऐवजीं १० मिलिमीटर जाडीचा पाटा घातला तर तो सव्वापट नव्हे, जवळजवळ दुप्पट कठीण होतो. 'एक सूत जाड' असें मिस्त्री सहज म्हणतो, पण त्या एका सुतांत गाडीचा सारा स्वभाव बदलतो. ओझें कधीं असतें, कधीं नसतें, अशा गाडीस मुख्य पाटे कारखान्याचेच ठेवून हेल्पर पाटा बसविणें मला उत्तम वाटतें. रिकाम्या गाडींत तो मोकळा राहतो व गाडी कांहीं बसल्यावरच टेकून ओझें घेऊं लागतो. मालवाहू पिकअप गाड्यांत हीच युक्ति पूर्वींपासून आहे.

गाडीचा प्रकारहि पाहावा. जुनी जीप व सन १९८५ पासून निघूं लागलेली मारुति जिप्सी यांस पुढेंमागें पाटे. बोलेरोस मागें पाटे. सन २०१० च्या थारला मागें पाटे व पुढें पीळ घेणारी दांडी, म्हणजे टॉर्शन बार. सन २०२० ची नवी थार व सन २०२३ ची जिम्नी यांस चारी बाजूंस गुंडाळीच्या स्प्रिंगा. टॉर्शन बारचा बोल्ट आवळून पुढचा भाग वर घेण्याची चाल आहे. त्यानें दांडी कठीण होत नाहीं, फक्त गाडी उंच बसते आणि चाकास खालीं उतरण्यास जागा कमी राहते. मग खड्ड्यांत चाक अधांतरीं लटकतें.

गाडी उंच करण्याचें वेड हल्लीं तरुण मंडळींत फार दिसतें. दोन इंच उंच स्प्रिंगा घातल्यानें गाडीचें पोट वर जातें हें खरें. परंतु अखंड आंसाच्या गाडींत सर्वांत खालीं असतो तो आंसाचा मधला गोळा, आणि तो स्प्रिंगेनें तसूभरहि वर जात नाहीं. तो वर जातो केवळ मोठ्या चाकानें. चाकोरीमधल्या उंचवट्यास घासतो तो हाच गोळा. उलट उंचीमुळें गाडीचा भार वर जाऊन वळणावर उलटण्याचें भय वाढतें, फिरत्या दांड्याचा कोन बिघडून तिचे सांधे लवकर झिजतात, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात व स्टिअरिंग महामार्गावर स्थिर राहात नाहीं. थोडी उंची घेणेंच असेल तर या सर्वांची तपासणी व दुरुस्ती त्याच खर्चांत धरावी.

आतां शॉकअप. मुरमाच्या लाटांवरून पाऊण तास गाडी चालवून खालीं उतरून शॉकअपजवळ हात न्यावा, पण लावूं नये. तो चटका बसण्याइतका तापलेला असतो. स्प्रिंगेचा झोक त्यानें तेलांत जिरविलेला असतो, त्याचीच ती उष्णता. साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपांत तेलाजवळ हवा असते. फार वेगानें हालल्यास तेलास फेस येतो व शॉकअप निकामी झाल्यासारखा होतो. नायट्रोजन वायूच्या दाबाचे शॉकअप फेस रोखतात; त्यांतील एकेरी नळीचे उष्णताहि लवकर बाहेर टाकतात. परंतु एकेरी नळीस दगडाचा मार लागून पोचा आला तर आंतला दट्ट्या अडकतो. दुहेरी नळी तो मार सोसते. आमच्या दगडाळ वाटेवर, ओझें मध्यम असतां, दुहेरी नळीचे वायुभरित व जाड नळीचे शॉकअप मी पसंत करीन. पुण्याच्या गेब्रिएलसारख्या देशी कारखान्यांचे शॉकअप सहज मिळतात व बदलण्यास परवडतात, हाहि लहान गुण नव्हे. लांबी मात्र नव्या स्प्रिंगेस जुळणारी असावी. उंच गाडीस जुना आंखूड शॉकअप ठेवला तर चाक खालीं उतरतांना तोच शेवटास ताणला जाऊन तुटतो.

आणि या सर्व खर्चाच्या आधीं दोन बिनखर्ची गोष्टी कराव्या. पाट्यांचे व शॉकअपचे रबरी बुश झिजले असल्यास बदलावे. निम्मा खडखडाट तेथेंच संपतो. दुसरें, पाणंदींत शिरतांना रिकाम्या गाडीच्या टायरांतील हवा पंचमांशानें कमी करावी, गाडी सावकाश हांकावी व डांबरीवर येतांच हवा पुन्हां भरावी. टायर हीच पहिली स्प्रिंग आहे, हें आपण विसरतों. बैलगाडीस लोखंडी धांवेऐवजीं रबरी टायर आलें तेव्हां बैलांच्या मानेस काय फरक पडला हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस अधिक सांगावयास नको.

कायद्याचाहि विचार अवश्य आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचें कलम ५२ गाडींतील फेरबदलांविषयीं आहे, आणि कारखान्यानें नमूद केलेल्या मूळ रचनेशीं विसंगत असा बदल करतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें सांगितलें. मूळ मापाचे शॉकअप बदलणें ही दुरुस्ती होय. गाडी उंचावणें किंवा फार मोठीं चाकें घालणें ही निराळी गोष्ट. हिंगोलीच्या परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे आधीं विचारावें; अपघातानंतर विचारून उपयोग नाहीं. पाटे वाढविले म्हणून नोंदणीपत्रांतील वजनाची मर्यादाहि वाढत नाहीं; आंस, ब्रेक व चासी पूर्वींचींच असतात.

माझ्या जीपचे वाढविलेले पाटे मीं काढून टाकले, चासीची चीर सांधून घेतली, मागें दर बाजूस एक हेल्पर पाटा व चारी बाजूंस नवे शॉकअप बसविले. आठ पोत्यांस गाडी आतां थोडी बसते, पण ठोकळ्यावर आपटत नाहीं. आईस तपासणीसाठीं त्याच पाणंदीनें न्यावें लागतें. ती मागें उशी घेऊन बसते व वाटेंत बोलत असते. नवे पाटे बसविल्यावर त्यांचे यू-बोल्ट थोडे सैल पडतात. ते पहिल्या पांचशें किलोमीटरांनंतर, आणि तेहि गाडी चारी चाकांवर उभी असतांना, पुन्हां आवळून घ्यावे. बुशाचे बोल्टहि तसेच आवळावे. गाडी उचललेली असतां ते आवळले तर रबर पिळलेलें राहून महिन्या-दोन महिन्यांत फाटतें.