मोठा आवाज तो शत्रूचा

पाषाण रस्त्यावरून जाणाऱ्या पुणेकराला एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेची लांबलचक भिंत ओळखीची असते, आतलं काम मात्र नसतं. १९५८पासून ही संस्था तोफा, दारूगोळा आणि रॉकेटांचे आराखडे करते. टाट्रा ट्रकवरून ४४ सेकंदांत १२ रॉकेटं सोडणारं ‘पिनाक’ हे इथलंच अपत्य. १९९९ला कारगिलमध्ये ते वापरलं गेलं, तेव्हा रॉकेट एकदा नळीतून सुटलं की पुढचं वाऱ्याच्या हवाली.

कोनात मीटरला एका मिलिमीटरची चूक झाली, तर ७५ किलोमीटरवर ती ७५ मीटरची होते. म्हणून नव्या पिनाकला पुढच्या बाजूला हलते पंख आणि वाट ओळखणारं यंत्र आलं. सुतारवाडीची स्फोटकांवर काम करणारी एचईएमआरएल आणि हैदराबादच्या प्रयोगशाळाही या कामात होत्या. डिसेंबर २०१९मध्ये चांदीपूरला चाचणी झाली, तेव्हाच्या सरकारी निवेदनात एक शब्द जपून वापरला होता: दिशादर्शनाला भारताच्या ‘नाविक’ उपग्रहांची मदत आहे.

मदत, भिस्त नव्हे.

कारण उपग्रहाचा आवाज फारच क्षीण. ‘नाविक’चे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर. एका वॅटचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा कोटी, आणि त्या कणाचा शंभरावा हिस्सा. अँटेनाच्या पदरात पडतं ते साधारण एवढंच. विसर्जनाच्या रात्री अलका चौकात ढोलपथकाच्या मधोमध उभं राहून पर्वतीवरची कुजबुज ऐकण्यातला प्रकार. ती बुडवायला शत्रूला मोठं यंत्र लागत नाही. अमेरिकेत नेवार्क विमानतळाची उपग्रह-यंत्रणा एका ट्रकचालकाच्या खिशात मावेल अशा जॅमरनं बिघडवली होती. मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये, एवढाच त्याचा हेतू! युक्रेनमध्ये तर रशियन जॅमिंगपुढे ‘एक्सकॅलिबर’सारख्या महागड्या अमेरिकी गोळ्यांचाही नेम ढळला.

यावरचा उतारा मोठा चतुर आहे. उपग्रहाचा संदेश अँटेनाच्या स्वतःच्या खरखरीखाली दडलेला असतो. म्हणजे त्या पट्टीत जे मोठ्यानं बोलतं, ते परकंच. लष्करी गाडीच्या टपावर पोळपाटाएवढी चकती बसवतात: मध्ये एक अँटेना, भोवती सहा. परका आवाज प्रत्येकीपाशी किंचित मागेपुढे पोचतो. तो फरक मोजून सातही संदेश असे मिसळायचे की त्या दिशेचा आवाज आपसांत कटून जावा. सात अँटेना सहा दिशांना कान बंद करू शकतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ३० तबकड्या नेमकं उलट करतात, संदेश जुळवून बारीक आवाज मोठा करतात. गणित एकाच घराण्यातलं.

खोटा संदेश पाठवणारा भामटा याहून अवघड, कारण तो ओरडत नाही. त्याच्यासाठी ‘नाविक’ची लष्करापुरती सांकेतिक सेवा आहे.

आणि सगळेच कान बंद झाले तर? मग वळण मोजणारे जायरो आणि वेगातला बदल मोजणारे प्रवेगमापक अंदाजानं वाट चालतात. त्यांची चूक वेळेबरोबर साचत जाते. रॉकेटाचं उड्डाण थोडक्यात आटोपतं, त्यामुळे ते निभावून जातं. तासन्‌तास रानावनातून जाणाऱ्या गाडीला तसं जमत नाही, म्हणून तिच्या चाकांचे फेरेही मोजतात. शिवाय चालक मध्येच गाडी थांबवतो. वेग शून्य झालेला असतो, तरी यंत्राचा काटा थोडा सरकतच असतो. जेवढा सरकला तेवढी आपली चूक, हे ओळखून यंत्र स्वतःला सावरतं आणि गाडी पुन्हा निघते.