कवितेतून इतिहास, भाग ४ : एमेट टिलसाठी १५ सुनीतं

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना त्यांच्याच वयाच्या मुलाचा खून शिकवायचा, तर तो कसा शिकवावा? मी म्हणेन, आधी हकीकत, मग कविता.

हकीकत अशी. ऑगस्ट १९५५मध्ये शिकागोचा १४ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा एमेट टिल मिसिसिपी राज्यात नातेवाइकांकडे गेला होता. तिथल्या मनी या खेड्यातल्या दुकानात तो गोऱ्या दुकानदारणीशी आगाऊपणे वागला, असा आरोप झाला. २८ ऑगस्टच्या पहाटे तिचा नवरा आणि त्याचा सावत्र भाऊ यांनी एमेटला घरातून उचलून नेलं, हालहाल करून मारलं आणि प्रेत नदीत फेकलं. आई मेमी टिल यांनी शवपेटी उघडीच ठेवली. आपल्या मुलाचं काय केलंय ते जगाने पाहावं, हा त्यांचा हट्ट होता. ‘जेट’ साप्ताहिकाने फोटो छापले. सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने सुमारे तासाभरात आरोपींना निर्दोष ठरवलं. जानेवारी १९५६मध्ये त्या दोघांनी पैसे घेऊन ‘लुक’ नियतकालिकात खुनाची कबुली दिली. एकदा सुटल्यामुळे त्याच आरोपाखाली पुन्हा खटला भरता येत नव्हता.

तो फोटो पाहिला की मुलं नजर वळवतात, किंवा पाहतच राहतात. दोन्हींत एमेट हरवतो आणि उरतं ते प्रेत. म्हणून पुढे कविता हवी.

खून झाला तेव्हा कवयित्री मॅरिलिन नेल्सन नऊ वर्षांच्या होत्या. २००५ साली त्यांनी ‘अ रीथ फॉर एमेट टिल’ हे पुस्तक किशोरांसाठी लिहिलं. केशवसुतांनी मराठीत रुजवलेलं १४ ओळींचं सुनीत आपल्या ओळखीचं आहे. इथे तशी १५ आहेत, एकमेकांत ओवलेली. एकाची शेवटची ओळ थोडी बदलून पुढच्याची पहिली होते, आणि पंधरावं सुनीत आधीच्या १४ सुनीतांच्या पहिल्या ओळींचं बनतं. विषयाची वेदना सोसण्यासाठी त्यांनी मुद्दाम इतकं कडक बंधन घेतलं. एका सुनीतात झाड बोलतं, तर दुसरीकडे एमेट जगला असता तर, ही कल्पना येते.

वर्गात मुलांना नुसतं ‘काय वाटलं?’ विचारू नये. धक्का बसलेलं मूल त्यावर गप्प तरी बसतं, नाहीतर शिक्षकांना हवं तेच बोलतं. त्याऐवजी परत आलेली ओळ शोधायला सांगावी. कोणता शब्द बदलला? आधी ती कशाबद्दल होती, आता कशाबद्दल आहे? मग शेवटच्या सुनीतातल्या प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर वरून खाली वाचायला लावावं. तिथे एमेटचं नाव आहे, त्याला शांती लाभो या प्रार्थनेसह. ते मुलांना स्वतःलाच सापडू द्यावं, आधी सांगू नये.

या पुस्तकात एक उणीव मात्र राहते. ज्यांनी मारलं, त्यांच्या घरात काय चाललं होतं? ग्वेंडोलिन ब्रुक्स यांनी १९६०च्या संग्रहातल्या एका कवितेत थेट त्या दुकानदारणीच्या स्वयंपाकघरात शिरायचं धाडस केलं. पुढच्या आठवड्यात ती कविता.